फोर्सिथियाला बांधलेला दोरा

"अहो, कळ्यांना दोरा बांधतं का कुणी?"

नेवेनाने दचकून हात मागे घेतला. नर्सरीतल्या काळ्या कुंडीत फोर्सिथियाचं झुडूप होतं, नुसत्या काड्या आणि कळ्या. त्यातल्या एका काडीला तिने आत्ताच मनगटावरची मार्तेनित्सा बांधली होती. मार्च उजाडला की हा लाल-पांढरा दोरा ज्याच्या त्याच्या मनगटावर असतो. पहिला बहर दिसला की तो फांदीला बांधायचा आणि मनातलं मागायचं. पण बहर दिसल्यावर! एवढा धीर नेवेनाकडे कुठला?

"फुलेलच की चार दिवसांत," ती म्हणाली.

"आणि नाही फुललं तर? मागणं फुकट गेलं ना!" नर्सरीवाला यावोर हसला. त्याच्या गालाला माती लागली होती आणि हसताना डोळे पार बारीक होत होते. आपण कुंडीकडे बघायचं सोडून दुसरीकडेच बघतोय, हे नेवेनाला जरा उशिराच कळलं.

दुपारी तो झुडूप लावायला घरी आला. सोफियातल्या सातव्या मजल्यावरचं बिऱ्हाड मोडून तिने त्र्यावना या लहानशा गावात हे घर घेतलं होतं. अंगणातलं जुनं सिमेंट तिने स्वतः फोडलं होतं. इथं गवतसुद्धा उगवायचं नाही, असं शेजारणी म्हणत.

"हे लागलं तर मी राहणार. नाहीतर गाशा गुंडाळून परत सोफियाला," तिने सांगून टाकलं.

यावोरचं फावडं थांबलं. "सगळा भार या काडीवर? मग जपूनच लावायला हवं."

त्याने कुंडी उलटी केली आणि नेवेना बघतच राहिली. मुळं कुंडीच्या आकारात गोल गोल फिरून घट्ट बसली होती.

"कुंडी गेली, पण याला अजून पत्ताच नाही," तो म्हणाला. केसांचा गुंता सोडवावा तशी त्याची बोटं मुळं मोकळी करू लागली. "तुम्हीही सोडवा. हळू..."

दोघांचे हात मातीत गेले. कुठेतरी बोटाला बोट लागलं.

"हे... मूळ नाही," ती पुटपुटली.

"माहितीये," तो म्हणाला. बोट मात्र हललं नाही.

मग तो रोज येऊ लागला.

"पाणी बघायला आलो."

"कालच तर घातलं!"

"कालचं काल."

ती आळ्याशी बसून कळ्या न्याहाळायची, तो तिला. कळ्या मात्र मिटलेल्याच.

आणि एका संध्याकाळी मार्च फिरला. मार्च म्हणजे घडीत हसणारी, घडीत रुसणारी मार्ताआजी, असं इथे म्हणतात; तिची लहरच ती! बर्फ पडायला लागलं ते थांबेचना. सकाळी दार उघडायचा नेवेनाला धीर होईना. शेवटी उघडलं तर पायरीवर यावोर, नुसत्या स्वेटरवर, नाक लालबुंद. झुडपाभोवती त्याने काठ्या रोवल्या होत्या आणि त्यांवर त्याचा कोट होता. त्याने कोट हळूच उचलला...

पिवळंजर्द! पांढऱ्या अंगणात एकाही पानाशिवाय नुसती फुलंच फुलं. कालच्या सुक्या काड्यांत हे सगळं होतं कुठे? नेवेना पायरी उतरून झुडपाशी गेली. तिचे डोळे भरून आले.

तिच्या दोऱ्याशेजारी आणखी एक लाल-पांढरा दोरा होता.

"हा... तुमचा?"

"हो. फुललेलं बघितलं, मगच बांधला. रीतीप्रमाणे."

"काय मागितलंत?"

"तुमचं मागणं खरं होऊ दे म्हणून."

"अहो, पण मी काय मागितलं ते माहीत तरी आहे का?"

"नाही." तो बुटांकडे बघत राहिला. "सोफियाला परत जाणं असेल... तर तेही होऊ दे म्हटलं."

"वेडा आहेस तू," तिच्या तोंडून निसटलं. "या गावात कुणीतरी असावं, ज्याची रोज वाट बघावी... एवढंच मागितलं होतं मी. कळ्या मिटलेल्या होत्या, तरी त्याच दुपारी तू फावडं घेऊन दारात हजर!"

यावोरने वर पाहिलं. मग गडबडून कोटावरचं बर्फ झटकलं आणि तो अंगात घालू लागला. नेवेनाने कोट काढून घेतला, आत नेला आणि दाराआडच्या खुंटीला टांगला. ती खुंटी आजवर रिकामीच होती.