भरलेला कप

तो आला तेव्हा बाहेर पाऊस पडत होता आणि मी कोणाच्या तरी खालच्या जबड्याशी बोलत होते.

यात गैर काही नाही. मी दातांच्या कवळ्या बनवते. टेबलावर प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले असतात. दिवसभर समोर इतकी तोंडं, पण बोलत एकही नाही. मग मीच बोलते. "तुमची दाढ जरा उंच झालीय हं," असं मी त्या जबड्याला समजावत होते, तेवढ्यात दारातून आवाज आला, "कोणाची, माझी?"

दारात एक उंच माणूस उभा होता. खांद्यावर हत्यारांची पिशवी, केसांतून निथळणारं पाणी, आणि हातात कागदाची एक पुडी... पाखराचं पिल्लू धरावं तशी जपून धरलेली.

"तुमची नाही. यांची," मी म्हणाले.

त्याने जबड्याकडे पाहून अदबीने मान झुकवली. "मग मी थांबतो. आधी त्यांचं होऊ दे."

मला हसू फुटलं. प्लॅस्टरची पूड उडते म्हणून मी तोंडाला मास्क आणि डोळ्यांवर भलामोठा चष्मा लावून काम करते, त्यामुळे ते त्याला दिसलं नाही. आणि मग माझं हसू आपोआप विरलं. मी त्याला ओळखलं होतं. चर्चच्या हॉलमध्ये चहाची किटली घेऊन फिरणारा तो हाच.

त्याने मात्र मला ओळखलं नव्हतं. ओळखणार कसा?

पुडीत एक वरची कवळी होती, बरोबर मधोमध तुटलेली.

"आमच्या चर्चमधल्या आजोबांची," तो म्हणाला. "धुताना हातातून निसटली. एक तुकडा बेसिनमध्ये राहिला, दुसरा नळीत गेला. मी प्लंबर. नळी खोलून काढला. दंतवैद्य सुट्टीवर गेलेत, कंपाउंडर म्हणाला थेट तुमच्याकडे जा." मग जरा थांबून म्हणाला, "रविवारी आजोबांना शास्त्रपाठ वाचायचाय. एकतीस वर्षं वाचतायत. दात नसतील तर मी चर्चलाच येणार नाही म्हणतात."

"उद्या संध्याकाळी या."

"होईल?"

"तुम्ही नळीतून काढलेत. मला फक्त जोडायचेत."

तो हसला. दोन्ही बाजूंचे सुळे किंचित पुढे, मधले सरळ. ही माझी खोड आहे, माणूस हसला की मी आधी दात बघते. यावेळी मात्र दात बघून झाले तरी मी बघतच राहिले.

मग माझी नजर त्या पुडीच्या कागदावर गेली. ते चर्चचं गेल्या रविवारचं पत्रक होतं. हे पत्रक दर रविवारी मलाही दारात मिळतं आणि मी ते बाकावर ठेवून निघून येते. मागची बाजू कधी वाचलीच नव्हती. तिथे 'आजाऱ्यांसाठी प्रार्थना' असं लिहून खाली तीन नावं होती. चौथ्या ओळीत नाव नव्हतं. तिथे छापलं होतं, 'शेवटच्या बाकावरची बहीण.'

शेवटच्या बाकावर माझ्याशिवाय कोणी बसत नाही.

"ही कोण?" मी विचारलं. आवाज जमेल तितका कोरडा ठेवला.

"ती ना..." त्याने मान खाजवली. "नाव माहीत नाही. येते, एकटी बसते, आणि शेवटचं गीत सुरू झालं की तोंडाला रुमाल लावून उठून जाते. दर रविवारी. काहीतरी दुखणं असणार. म्हणून मीच चिठ्ठी टाकली प्रार्थनेच्या पेटीत."

"मग?"

"मग काय, बुधवारी पाळकांच्या घरी सहा-सात जण जमतो आम्ही. पाच बुधवार झाले. पाळकबाई म्हणतात पोटाचं असेल. आजोबा म्हणतात छातीचं."

"आणि तुम्ही?"

"कुठे गळतंय ते मला नळाचं कळतं. माणसांचं नाही."

"दिसायला कशी आहे?" हे मी का विचारलं, देव जाणे.

त्याचे कान लाल झाले. "मागूनच पाहिलीय जास्त. निळी छत्री आहे. पाठ छान... म्हणजे, ताठ आहे."

तो गेल्यावर मी बराच वेळ काहीच केलं नाही. त्या दिवशी ताठ बसून बसून माझी पाठ दुखली.

खरं तर मला कसलंही दुखणं नव्हतं. आई गेली, घरात दादा-वहिनींचा संसार होता, म्हणून मी या गावातली नोकरी धरून आठ महिन्यांपूर्वी आले. आईबरोबर चर्चला जायचे तेव्हा सगळ्यांशी बोलायचं काम आईचं. मी तिच्या मागे उभी राहिले की झालं. इथे आल्यावर पहिल्याच रविवारी, उपासना संपल्यावर, मी हॉलमध्ये गेले. कोणीतरी हातात चहाचा कप दिला. माणसं तीन-तीन, चार-चार जणांचे घोळके करून उभी होती आणि माझ्याकडे सगळ्यांच्या पाठी होत्या. वाईट कोणीच नव्हतं. प्रत्येकाला वाटलं असेल, दुसरं कोणी बोललं असेल हिच्याशी. मी भिंतीवरच्या घड्याळात पाहत होते. अकरा मिनिटं. चहा मी प्यायलेच नाही. कप रिकामा झाला असता तर तिथे उभं राहायला कारणच उरलं नसतं.

त्यानंतर मी हॉलमध्ये गेले नाही. शेवटचं गीत सुरू झालं की उठायचे. रुमाल लावायचे तो कोणी हाक मारली तर बोलावं लागू नये म्हणून. कोणी मारली नव्हती, हा भाग वेगळा.

आणि आता तर हा प्रश्नच सुटणार होता. दुसऱ्या एका गावातल्या दंतवैद्यांनी मला बोलावलं होतं. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. तिकडे तरी काय असणार, एक खोली आणि कवळ्याच. पण इथून निघताना मला कोणाचा निरोप घ्यावा लागणार नव्हता, हे मात्र मनाला फार लागत होतं.

शनिवारी मी त्या कवळीवर जीव लावून काम केलं. दोन्ही तुकडे मेणाने जुळवले, खाली प्लॅस्टरचा साचा धरला, फटीत हिरडीसाठीचं गुलाबी प्लॅस्टिक भरलं, घासून घासून जोड असा नाहीसा केला की जिभेलाही लागू नये. पाच बुधवारांची परतफेड म्हणा. काम दुपारीच संपलं. तरीही संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली तशी मी घाईघाईने मास्क चढवला आणि चष्मा लावला.

त्याने कवळी उजेडात धरून पाहिली. "जोड कुठेय?"

"शोधा."

"सापडत नाही." त्याने ती हलक्या हाताने डबीत ठेवली. पण तो निघेना. पिशवीचा पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर गेला. "तुम्ही... चर्चला वगैरे जाता का कुठे?"

"कधी कधी."

"उद्या आमच्याकडे या. आजोबांचे दात ऐकायला. नंतर चहाही असतो. मीच करतो. त्याला चहा म्हणायची पद्धत आहे, एवढंच."

"मी तिथे कोणाला ओळखत नाही."

"मी तरी कुठे?" तो सहज म्हणाला. "सगळ्या मंडळीच्या मोऱ्या मला माहीत आहेत. बैठकीच्या खोल्या, एक पाळकांची सोडली तर, नाही. काम झालं की मागच्या दाराने बाहेर. किटली हातात असली की बरं असतं. माणसं थँक्यू म्हणतात, आपण पुढे सरकायचं. बोलावं लागत नाही."

मी ब्रश पुसत राहिले. ब्रश केव्हाच स्वच्छ झाला होता.

"त्या शेवटच्या बाकावरचीशी," मी विचारलं, "कधी बोलला का नाहीत?"

पिशवीचा पट्टा पुन्हा त्या खांद्यावरून या खांद्यावर आला.

"एकदाच आली होती हॉलमध्ये," तो म्हणाला. "पहिल्या रविवारी. भिंतीजवळ एकटी उभी होती. मी किटली घेऊन तीनदा तिच्या जवळून गेलो. पण तिचा कप भरलेलाच. रिकामा असता तर 'आणखी देऊ?' असं विचारलं असतं. मला तेवढंच येतं. चौथ्यांदा वळलो तर ती नव्हती." त्याने खाली पाहिलं. "कोणी तिच्याशी बोललं नाही. मीही नाही. तेव्हापासून ती थांबत नाही. मग निदान चिठ्ठी तरी टाकावी म्हटलं..."

मास्क काढ, मी स्वतःला म्हणत होते. आत्ता काढ. हात मात्र जागचा हलला नाही.

"आणि 'बहीण' का लिहिलंत?" एवढंच कसंबसं विचारलं.

"मंडळीत सगळ्या बहिणीच. दुसरं काय लिहिणार?" दारात पोचून तो थबकला. "पेटीत टाकल्यावर मात्र वाटलं... जरा घाईच झाली."

रविवारी मी माझ्या जागी बसले, शेवटच्या बाकावर. निळी छत्री पायाशी. आजोबा काठी टेकत पुढे गेले आणि शास्त्रपाठ वाचू लागले. खरं सांगते, देवाच्या वचनाकडे माझं लक्ष नव्हतं. स आणि श नीट उमटतायत का, दात निसटत तर नाहीत ना, एवढंच मी ऐकत होते. एकदाही शिट्टी वाजली नाही. शेवटी आजोबांनी पुस्तक मिटलं आणि ते हसले, चांगले भरपूर हसले.

मग शेवटचं गीत सुरू झालं. पाय सवयीने उठले, छत्री हातात आली, रुमालही निघाला. हॉलचं दार उघडं होतं आणि त्या दारातून तो इकडेच पाहत होता. आता ही जाईल, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मी पुढच्या बाकाची कड घट्ट धरली. पहिलं कडवं उभ्याने नुसतं ऐकलं. दुसऱ्याला तोंड उघडलं. आवाज बेसूर लागला, पण लागला. आठ महिन्यांत मी गायले नव्हते.

आशीर्वाद झाला. मी हॉलमध्ये गेले, टेबलावरचा एक कप उचलला आणि तिथेच उभ्या उभ्या सगळा चहा पिऊन टाकला. जीभ भाजली. त्याला चहा म्हणायची पद्धत आहे हे अगदी खरं होतं. मग रिकामा कप हातात धरून मी भिंतीजवळ, त्याच जागी जाऊन उभी राहिले. घोळके तसेच होते, पाठी तशाच होत्या. मी घड्याळाकडे पाहिलं नाही.

तो लांबून आला. वाटेत दोघांनी कप पुढे केले, ते त्याला दिसलेच नाहीत.

"आणखी... देऊ?"

"द्या. पण आधी आजोबांचं सांगा," मी म्हणाले. "कवळी कुठे टोचत नाही ना?"

चहा ओतता ओतता त्याने वर पाहिलं. आवाज, डोळे, छत्री—एकेक ओळखत गेला, आणि तोवर कप काठोकाठ भरून चहा माझ्या बोटांवरून खाली गळायला लागला.

"भरला," मी म्हणाले. "आता काय विचाराल?"

त्याने किटली खिडकीत ठेवली. किटलीशिवाय हातांचं काय करायचं ते त्याला कळेना. एक खिशात गेला, परत बाहेर आला.

"नाव," तो म्हणाला. "नाव काय तुमचं?"

मी सांगितलं. कामाशिवाय या गावात मला कोणी ते विचारण्याची पहिलीच वेळ होती. त्याने ते एकदा हळूच म्हणून पाहिलं.

"किटली कुठे गेली रे?" मागून कोणीतरी हाक दिली. तो हलला नाही.

"पाळकबाईंना सांगतो," तो म्हणाला, "यादीतून तुमची ओळ काढायला. तुम्ही तर चांगल्या धडधाकट आहात. आणि मी काल तुमच्यापुढेच... काय काय बोललो."

"राहू दे ती ओळ."

"का?"

"आजारी नव्हते. पण बरी होते, असंही नाही." आणि मग, हिंमत होती तोवर, सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या गावाचं, सोमवारचं, त्या अकरा मिनिटांचं. कप मुद्दाम भरलेला ठेवला होता, तेही. तो ऐकत राहिला. शेवटी इतकंच म्हणाला, "बुधवारी सहा वाजता जमतो आम्ही."

सोमवारी मी त्या दंतवैद्यांना नाही म्हणून कळवलं. त्यांनी कारण विचारलं तेव्हा मी म्हणाले, बुधवारी मोकळी नसते. त्यांना काहीच उलगडा झाला नाही.

बुधवारी पाळकांच्या बैठकीच्या खोलीत नेहमीच्या खुर्च्या कमी पडल्या, म्हणून तो आतून आणखी एक घेऊन आला आणि स्वतःच्या शेजारी ठेवली. खोलीत फारशी ओळख कोणाशी नव्हतीच. पाळकबाईंनी माझ्या पोटाची चौकशी केली, आजोबांनी छातीची. मग सगळ्यांनी डोळे मिटले. यादी वाचायची पाळी त्याची होती. पहिली तीन नावं त्याने नेहमीच्या आवाजात वाचली. चौथ्या ओळीशी तो थांबला. कागद जरासा वाजला... आणि त्याने माझं नाव वाचलं. नुसतं नाव.