डोक्यावर डबा, दहापर्यंत

दुकानात पाऊल टाकलं आणि ती दारातच थबकली. काउंटरपाशी एक चांगला धडधाकट, तिशीतला माणूस उभा होता... डोळे मिटून, स्वतःच्याच डोक्यावर काचेचा डबा उलटा धरून. डब्यात काठोकाठ पाणी होतं आणि तो शांतपणे आकडे मोजत होता.

“आठ... नऊ... दहा.” त्यानं डोळे उघडले, डबा खाली घेतला, पाणी ओतून टाकलं आणि तो समोरच्या आजींच्या हातात दिला. “घ्या आजी. थेंब नाही सांडला.”

आजी हे रोजचंच असल्यासारखं डबा पिशवीत घालून गेल्यासुद्धा. ती मात्र अजून दारातच.

“हे... काय होतं?”

“दुकानाचा नियम आहे.” त्यानं मागे बोट दाखवलं. मागच्या बाजूला स्टुलावर एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसले होते. “मामांचा. डबा विकण्याआधी विकणाऱ्याच्या डोक्यावर तपासायचा, दहा आकडे होईपर्यंत. गळला तर गिऱ्हाइकाला फुकट.”

“आणि आजवर कितीजणांना फुकट मिळाला?”

“मी आल्यापासून? सात वर्षांत... एकालाही नाही.”

हे त्यानं इतक्या साधेपणानं सांगितलं, की तिला उगीचच राग आला. माणसानं बढाई तरी मारावी!

तिनं फळीवरचा एक गुलाबी प्लॅस्टिकचा डबा उचलला. “हा द्या. तपासू नका, घाईत आहे.”

“हा नाही देणार.”

“का?”

“तुम्ही जेवता कुठं? टेबलाशी, की उभ्यानं?”

“तुम्हाला काय करायचंय?”

“डबा द्यायचाय,” तो म्हणाला.

आता खरं सांगायचं तर तिला हा प्रश्न दोन दिवसांत दुसऱ्यांदा विचारला गेला होता. आधी डॉक्टरीणबाईंनी विचारला होता, तोही चांगला दरडावून. ती जमिनीची मोजणी करायची. खांद्यावर मोजणीच्या दुर्बिणीची तिपाई, हातात टेप, आणि दिवसभर उन्हातान्हात पायपीट. जेवणाचं म्हणाल तर मिळालं तर मिळालं, नाही तर चहा बिस्किटावर दिवस ढकलायचा. मागच्या आठवड्यात एका बांधावर तिला भोवळ आली आणि ती आडवी झाली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेआठ! डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि साहेबांनी त्याहून कडू गोळी दिली. तीन महिन्यांत अकराच्या वर गेलं नाही, तर मोजणी बंद, कचेरीत बसून नकाशे रंगवायचे. चार भिंतींत, पंख्याखाली, साठीपर्यंत! ती मोकळ्या रानात वाढलेली, नुसत्या कल्पनेनंच तिचा जीव गुदमरला.

हे सगळं ती त्या अनोळखी माणसाला का सांगून बसली, तिचं तिलाच कळलं नाही. तो ऐकत होता, एवढंच कारण असावं. मध्ये एकदाही त्यानं “अरेरे” म्हटलं नाही.

“म्हणजे डबा हलका हवा, खांद्यावरून न्यायचा म्हणून,” तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. “उन्हात प्लॅस्टिक नको. पालेभाजी आणि उसळ रोज, वर लिंबू पिळायचं, म्हणजे स्टीलच बरं. काच उत्तम, पण तुम्ही बांधावर आपटाल.”

“मी आपटेन?”

“भोवळ येऊन स्वतःला आपटलंतच की.”

मागून वर्तमानपत्रातून “हँ” असा आवाज आला. मामा हसले होते.

त्यानं दोन खणांचा चपटा स्टीलचा डबा काढला. बाटली तिनंच निवडली, सडपातळ, निमुळत्या तोंडाची, दिसायला झकास. त्यानं ती हळूच तिच्या हातातून काढून घेतली आणि रुंद तोंडाची एक बुटकी बाटली तिथं ठेवली.

“ही कुरूप आहे,” ती म्हणाली.

“हात आत जातो. रोज घासता येते. त्या सुंदर बाटलीच्या तळाशी महिन्याभरानं काय साठतं, ते दाखवू?”

“नको! डबेमास्तर आहात की काय हो तुम्ही?”

“आणि तुम्ही मोजणीबाई.”

नावं पडली ती तेव्हापासून.

पुढं काय झालं, की आठव्या दिवशी ती पुन्हा दुकानात. तक्रार अशी, की काकडीच्या पाण्यानं भाताचा गिचका होतो. डबेमास्तरांनी काकडीला एक वेगळी छोटी डबी दिली, चिरलेली काकडी आदल्या रात्री भरू नका म्हणून बजावलं, आणि डबी डोक्यावर धरून दहापर्यंत मोजलं. त्यानंतर तक्रार आली, की डाळ दुपारपर्यंत गार होते. तेव्हा थर्मास आला. “आधी कढत पाणी ओतून पाच मिनिटं ठेवायचं. गार थर्मासात गरम डाळ घातली, तर ती गारच होणार ना?” मग दह्याची डबी. मग दाण्यांची. मग एक दिवस तक्रार काही नव्हतीच, तरीही ती गेली आणि म्हणाली, “चमचा.”

“चमचा घरी नाही?”

“आहे. पण... लांब आहे.”

“किती लांब?”

“सात इंच.” मोजणीबाईच ती, चटकन सांगून गेली. “मला पाच इंची हवा.”

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर एक बारीकशी खळी पडायची, ती तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. घरी जाताना रस्ताभर तिला ती खळीच दिसत राहिली.

घरी आत्या होती. तिनंच हिला लहानाची मोठी केलेली. आत्यानं फडताळ उघडलं आणि कमरेवर हात ठेवले. “घरात माणसं दोन आणि डबे अकरा! अगं, तू जेवतेस तरी की नुसतीच डबे आणतेस?”

“जेवते गं.”

“ते दिसतंय गालांवर. पण गाल जेवल्यानं गुलाबी होतात की दुकानात गेल्यानं, ते मला सांग.”

ती बाटली घासत बसली, जरा जास्तच वेळ.

तिसऱ्या महिन्यात तिला रस्सा न्यायला घट्ट झाकणाचा डबा हवा होता. त्यानं पाणी भरलं, डोक्यावर धरला, डोळे मिटले. तिच्या अंगात वांडपणा संचारला. त्याच्या आधी तीच मोजू लागली.

“पाच... सहा... सात... सात... सात...”

तो हलला नाही. “सात किती वेळा आहेत?”

“आमच्या मोजणीत तीनदा असतात. सात... आठ... सात...”

आता त्याचं हसू फुटलं, डबा हिंदकळला, तरी गळला नाही. त्यानं तो उघडला, पाणी ओतलं, झाकणातली रबराची रिंग काढून पुसली आणि परत बसवली. ती हसत होती, केसांची बट सारखी तोंडावर येत होती. त्याची नजर डब्यावर नव्हतीच. ते तिच्या लक्षात आलं... आणि बरं वाटलं, खोटं कशाला बोला!

दुसऱ्या दिवशी तो डबा गळला.

दुपारी तिनं पिशवी उघडली तर सगळा रस्सा मोजणीच्या वहीत. चार दिवसांचे आकडे, शाईनं लिहिलेले, पिवळ्या तेलात विरघळून गेलेले. साहेबांनी वही दोन बोटांत धरून पाहिली आणि एवढंच म्हणाले, “पुन्हा मोजा. चारही दिवस.”

संध्याकाळी तिनं डबा काउंटरवर आपटला. “सात वर्षांत एकही नाही म्हणालात ना?”

त्यानं झाकण उघडलं, रिंगेवरून बोट फिरवलं. रिंगेची एक बाजू सपाट, दुसऱ्या बाजूला बारीक कड. कड खाली यायला हवी होती, ती वर होती. त्याचा चेहरा उतरला.

“चूक माझी,” तो म्हणाला. “पूर्ण माझी.”

“कशी झाली?”

त्यानं मान खाली घातली. “ते... नाही सांगता येणार.”

तिला वाटलं, काही तरी बोलेल. भांडेल, निदान खुलासा तरी करेल. तो नुसती रिंग पुसत राहिला. ती चिडून तशीच बाहेर पडली आणि डबाही तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून तिनं दुपारचं जेवण सोडलं. राग कोणावर, उपास कोणाला! चार दिवसांचं काम तीन दिवसांत उरकायचं म्हणून सकाळी जायची ती अंधार पडता यायची. तिसऱ्या दुपारी तिपाईवरच्या दुर्बिणीतून बघताना समोरची खुंटी एकाची दोन झाली. ती मटकन खाली बसली. रक्ताची तपासणी सहा दिवसांवर आली होती. सगळं मिळवलेलं हातचं जाणार, या विचारानं तिला रडू फुटलं, आणि रडतानाही आठवण आली ती त्या खळीची.

घरी आली तर आत्यानं काउंटरवर राहिलेला तो डबा ताटाशेजारी ठेवलेला.

“तू दुकानात गेली होतीस?”

“गेले होते भांडायला. माझ्या पोरीला उपाशी ठेवणारा कोण आहे, ते बघू म्हटलं.” आत्यानं ताट पुढं सरकवलं. “तो काही बोलला नाही. पण त्याचे ते मामा बोलले. म्हणाले, हा झोपेतही रिंग उलटी बसवायचा नाही. सात वर्षांत त्या एकाच दिवशी बसवली. आता मला सांग, त्या वेळी तू समोर काय करत होतीस?”

“मी? काही नाही. मी... हसत होते.”

“मग बरोबर आहे,” आत्या म्हणाली आणि भात वाढायला लागली.

तिनं ताटातलं सगळं संपवलं, आणखी मागून घेतलं आणि सकाळी लवकर उठून घरातले झाडून सगळे डबे घासायला काढले.

शुक्रवारी रिपोर्ट हातात पडला. तो वाचून ती घरी गेली नाही, कचेरीतही गेली नाही. थेट दुकानात.

तो फळ्या पुसत होता. तिला पाहून फडकं हातातच राहिलं.

“हे वाचा आधी.”

त्यानं कागद घेतला. ओठ हलले. “अकरा पूर्णांक एक...” आणि तो चक्क खाली बसला, मामांच्या पायाशी. “अकरा पूर्णांक एक! मोजणी राहिली तुमची?”

“राहिली.”

“आत्याबाईंना सांगितलंत?”

“नाही. आधी इथं आले.”

त्यानं वर पाहिलं. ती बोलून बसली होती आणि आता तिला परत घ्यायचं नव्हतं. तिनं पिशवीतून तोच रश्शाचा डबा काढला.

“पाणी भरा. रिंग काढून परत बसवा. पण डब्याकडं बघायचं नाही. माझ्याकडं बघायचं.”

“आणि मग?”

“मग तपासायचा. आज डोकं माझं.”

“गळला तर?”

“गळला तर मला हवं ते कळेल. बसवा.”

मामांनी वर्तमानपत्र खाली केलं. तो तिच्याकडं बघत राहिला, बोटं आपली चाचपडत होती. झाकण लागल्याचा आवाज आला. तिनं डोळे मिटले.

“एक... दोन... तीन...”

काही नाही. चार. पाच. नाहीच गळला तर? हात आपले सवयीनं काम करून गेले असले तर? सहा...

“सात,” तो म्हणाला, आणि तिच्या नाकाच्या शेंड्यावर गार थेंब पडला. मग दुसरा. मग कानामागून सरळ मानेवर धार.

तिनं डोळे उघडले. “उलटी?”

“उलटी.”

“मुद्दाम बसवलीत?”

“नाही हो, शप्पथ! मी तुमच्याकडं... तुझ्याकडं बघत होतो. त्या दिवशीही तेच. कसं सांगणार होतो? चूक करून वर प्रेमाचं कारण द्यायचं, बरं नाही दिसत ते.”

“मला चालतं,” ती म्हणाली. तिच्या पापण्यांवरून पाणी गळत होतं आणि त्यातलं सगळंच डब्यातलं नव्हतं.

मामा खाकरले. “नियम तो नियम. डबा फुकट.”

“आणि मामा, उलटी रिंग बसवणारा?”

“त्यालाही घेऊन जा बाई. असला माणूस काउंटरवर परवडायचा नाही.”

त्यानं घाईघाईनं फडकं पुढं केलं. ते फळ्या पुसायचं होतं, हे लक्षात येताच मागे घेतलं आणि खिशातला रुमाल दिला. तिनं तोंड पुसलं, रुमाल परत दिला नाही.

“उद्या साडेबाराला मोजणीवर ये जेवायला,” ती दारातून म्हणाली. “डबा मी आणते. रिंग मीच बसवेन.”