कंडक्टरची खोळ

"उशीची खोळ शिवता न्हवं? तशीच शिवा. फक्त उशीच्या जागी मी."

मी मशीनवरचा पाय काढला. दारात खाकी कपड्यातला एक तरुण... गळ्यात तिकिटांची पिशवी, बगलेत पांढरं मलमल. सेलूच्या स्टँडसमोरच्या माझ्या खोलीत बायका पोलकी शिवायला टाकत. एस.टी.चा कंडक्टर पहिल्यांदाच आला होता.

"तुमी... आत शिरणार?"

"रोज रातीला."

भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं बघून तो जय भीम म्हणाला. नाव काशीनाथ.

लांबी —

पुरुषाचं माप मी घेत नसे. टेप त्याच्याच हातात दिली. एक टोक पायाखाली दाबून दुसरं त्यानं डोक्यावर धरलं, आकडा बघायला मान वर केली आणि टेप निसटली. पुन्हा धरली. पुन्हा निसटली. मला हसू आवरेना.

"तिकीट फाडता येतं, माप घेता येत न्हाई?"

"उभ्यानं झोपायची सवय न्हाई हो."

रुंदी —

"कुशीवर वळता का?" मी विचारलं, आणि माझेच कान तापले.

"लय वळतो. समद्या गिऱ्हाइकांना असंच इचारता?"

"बाकीची गिऱ्हाइकं अशी आख्खी आत शिरत न्हाईत!"

कशासाठी? —

हे मात्र कळेना. मुक्कामाची गाडी सुटायच्या आधी तो रोज डोकावायचा. "झाली?" मी मुद्दामच "न्हाई" म्हणायची. रोज नवं कारण मिळायचं. कधी गाडीच्या बाकड्यातले ढेकूण. कधी विंचू. एकदा म्हणाला, "मलमलात सपनं चांगली पडतात."

"कुणाची?"

"खोळ झाल्याबिगर कसं सांगू?"

तोंड —

शेवटची शिवण तेवढी राहिली होती. मी सुई थांबवली. "आज खरं सांगा. मगच टाका घालीन."

तो हसला नाही. टोपी काढून हातात फिरवू लागला.

"मुक्कामाच्या गावात एका घरचे लोक मला पांघरायला वाकळ देतात. मागल्या महिन्यात त्यांनी आडनाव इचारलं. मी सांगितलं. सकाळी बघतो तर... वाकळीवर घागरी वतायलेत." त्यानं टोपी परत डोक्यावर घातली. "खोळीत झोपलो तर त्यांना धुवायला नको. मला बघायला नको."

माझ्या हातातलं मलमल एकदम जड झालं.

"म्हणजे त्यांची वाकळ कोरडी राहावी म्हणून मी टाके घालायलेय?"

"हेमाबाई, रागावू नका..."

"खोळ देते. पण त्यांची वाकळ घ्यायची न्हाई. देऊ लागले तर नको म्हणायचं. तोंडावर."

"पौषातली थंडी हाय. नुसत्या मलमलात गारठून जाईन."

"तेवढ्या दोन-चार राती काढा." मी टाका घातला, दोरा दातानं तोडला, पण मान काही वर होईना. "मी वाकळ शिवते. माझ्या आईच्या लुगड्यांची. चांगली ऐसपैस."

"किती ऐसपैस?"

"दोघांना पुरेल अशी."

समोर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तो हलला नाही.

"एवढी मोठी... रोज गाडीत कुठं घेऊन हिंडू?"

"ती गाडीत जायची न्हाई. हितंच राहील."

"मंग मला मुक्कामाची गाडी सोडावी लागंल."

"सोडा की," मी म्हणाले.