हाइमकेलर

ईशाचा फोन लागेनासा होऊन एकवीस दिवस झाले होते. दर्शनाची धाकटी बहीण, जर्मनीत एका वृद्धाश्रमात नर्स म्हणून गेलेली. पाठवणारा एजंट सांगून मोकळा झाला, "पोरगी काम सोडून गेली, आमचा संबंध संपला." म्हैस हरवली तरी माणसं याहून जास्त शोधतात.

हातात होता तिचा शेवटचा मेसेज. एकच शब्द, 'हाइमकेलर'. मोबाइलमधलं भाषांतर तोच शब्द तसाच परत दाखवायचं.

दर्शना भर दुपारी मिरजोळ्याहून रत्नागिरीत आप्पांकडे आली. आप्पा संस्कृतचे निवृत्त मास्तर. ईशाला जर्मन त्यांनीच शिकवलेलं.

"अगो, जोडशब्द आहे. कोशात मिळायचा नाही, फोडायला लागतो," पडवीत खुर्ची ओढत आप्पा म्हणाले. "हाइम म्हणजे घर. म्हातारी माणसं टाकतात त्या जागेलाही घरच म्हणतात, थोर लोक. केलर मूळचा लॅटिन. साठवणीची खोली. आता तळघर. जोडशब्दात शेवटचा तुकडा खरा, वस्तू तीच; आधीचे नुसते चिकटलेले. म्हणजे आश्रमाचं तळघर."

"तळघरात काय करते ती?"

"शब्दात ती नाहीच गो. नुसतं तळघर."

दर्शनानं मोबाइल परत हातात घेतला. मेसेज तोच, तारीख तीच. शब्द लांब झाला होता.

आप्पांनी चष्मा पुसून पाहिलं. "मघाशी नीट वाचलं नसेल मी. हाइमकेलरश्वेस्टर. श्वेस्टर म्हणजे आपला स्वसृ, मूळ एकच. बहीण." ते थांबले. "तिकडे नर्सलाही श्वेस्टरच म्हणतात."

"म्हणजे ईशा तळघरात आहे."

आप्पांनी मोबाइल तिच्याकडे परत दिला.

दर्शनानं तिथंच टाइप केलं, 'ईशे, मी आहे. मी येते.'

खुणा लगेच निळ्या झाल्या. उत्तर आलं नाही.

वरचा शब्द मात्र आणखी वाढला.

आप्पांनी तो ओठांतल्या ओठांत दोनदा वाचला. "मधे एक 'न' आलाय. जोडाचा टाका तो. पुढे परत श्वेस्टर."

"म्हणजे काय?"

"श्वेस्टरची श्वेस्टर." त्यांनी वर बघितलं नाही. "तळघरातल्या नर्सची बहीण."

"आणि शेवटचा तुकडा खरा. म्हणजे मी."

"हो."

अंगणातला चिरा एप्रिलच्या उन्हानं तापला होता. पाय ठेववत नव्हता.

दर्शना काहीतरी बोलायला गेली. तिच्या तोंडातून थंड तळघरातल्यासारखी पांढरी वाफ निघाली.

आप्पांनी खुर्ची हळूच मागे सरकवली.