छत्रीचा हल्ला

बातमी. 'सीमागर्जना', बेळगाव, पहिलं पान:

निपाणी, ता. ९ – बसस्थानकावर शांततेने निदर्शने करणाऱ्या मराठी तरुणीवर काल एका कन्नड गुंडाने भ्याड हल्ला केला. रणरागिणीने छत्रीने प्रतिकार करताच गुंड पळाला. हजारोंचा जमाव संतप्त.

बातमी. 'गडिनाड वार्ते', बेळगावच, पहिलंच पान. मूळ कन्नड, इथं मराठीत:

निपाणी, ता. ९ – कर्तव्य बजावणाऱ्या आमच्या वार्ताहरावर काल एका मराठी महिलेने छत्रीने प्राणघातक हल्ला केला. वार्ताहराने धैर्याने तोंड दिले. जमाव तुरळक व भाडोत्री.

आता झालं ते असं.

ब्याऐंशी सालचा श्रावण. निपाणीच्या स्टँडवर गावातल्या मराठी मंडळाची माणसं बसच्या पाट्या मराठीतही हव्यात म्हणून घोषणा देत होती. अंजना कांबळेचा त्यांच्याशी संबंध नव्हता. ती वाचनालयात नोकरीला होती आणि बेळगावच्या गाडीतनं येणारा वर्तमानपत्रांचा गठ्ठा न्यायला आली होती. सर आली. तिनं छत्री उघडली. शेजारी एक जण उभ्यानं काहीतरी लिहून घेत होता, छत्रीची काडी त्याच्या शर्टाच्या खिशात अडकली. तिनं ओढली. खिसा फाटून लोंबायला लागला आणि आतलं पेन चिखलात पडलं.

"अगं बाई... चुकलं माझं."

"खिशाचं राहू द्या. पेन बघा कुठं गेलं ते."

दोघांनी एकाच छत्रीखाली वाकून पेन शोधलं. ते समोरच पडलं होतं. तरी शोधायला जरा वेळ लागला. मग गाडी आली, तिनं गठ्ठा घेतला, त्यानं परत बेळगावला जाणाऱ्या कंडक्टरच्या हातात एक पाकीट दिलं, आणि दोघं दोन दिशांना गेली. नाव विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

एवढंच.

मग एवढ्याचं तेवढं कसं झालं? त्याचं असं की, तेव्हा गावची बातमी बेळगावला बसनं जायची. वार्ताहरानं पाकीट कंडक्टरला द्यायचं, तिकडं पेपरचा माणूस स्टँडवर येऊन ते घेऊन जायचा. पाकिटात फक्त निदर्शनं होती. पण पाकिटाबरोबर शामू कंडक्टरही गेला, आणि शामूला तोंड होतं. त्यानं खिशाची गंमत दोन्ही पेपरच्या माणसांना सांगितली. पुढचं त्यांनी बसल्या जागी लिहिलं.

*

वाचनालयाच्या दारात काळा फलक होता. रोज सकाळी अंजना त्यावर ठळक बातम्या खडूनं लिहायची. तंबाखूच्या वखारीत कामाला जाणाऱ्या बाया तिथं थांबायच्या, ज्यांना वाचता यायचं त्या इतरांना वाचून दाखवायच्या. वाचनालयाचे आणि मंडळाचेही चिटणीस असलेल्या भावकू नानांचा एकच नियम होता: "पेपरात आलं तेच लिहायचं, पोरी. पदरचं अक्षर न्हाई."

तिनं लिहिलं, 'मराठी तरुणीवर भ्याड ह'. आणि तिचा हात थांबला.

"लिवा की. पुढचं मला पाठ हाय."

तिनं मागं बघितलं. तोच. खिसा सेफ्टी पिननं टाचलेला.

"तो गुंड मीच," तो म्हणाला. "कुंथुनाथ मगदूम, बोरगाव. गडिनाड वार्तेचा वार्ताहर."

"पण तुम्ही पळाला कुठं? तुम्ही तर पेन शोधत होता."

"आमच्या पेपरात मी धैर्यानं तोंड दिलंय." तो तिच्याकडं बघत राहिला. "ते मातर खरं हाय."

ती पुन्हा फलकाकडं वळली. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. "शर्ट द्या, शिवून देते."

"पुरावा नष्ट करताय व्हय?"

तिनं 'हल्ला' पुरा केला. नियम होता. पण त्या दिवशीचं अक्षर तिचंच तिला बघवलं नाही.

*

मग तो रोज यायला लागला. तो कन्नड पेपर मराठीत वाचून दाखवायचा, ती मराठी पेपर समोर धरायची.

"आमच्यात सभेला दहा हजार," ती म्हणायची.

"आमच्यात दीडशे. खरी किती हुती?"

"मी मोजली नाहीत. तुम्ही शेजारी होता."

"मग मीबी कशाला मोजतोय..."

वेदगंगेचं पाणी एका पेपरात धोक्याच्या वर असायचं, दुसऱ्यात समाधानकारक. दोघं एका रविवारी पुलावर जाऊन बघून आली. पाणी होतं तिथंच होतं. परतताना तिनं विचारलं, "तुम्हाला हाक काय मारू? अण्णा म्हणू?"

कुंथुनाथ मध्येच थांबला. "एवढं सोडून काहीबी म्हणा."

ती हसली... आणि त्या दिवसापासून काहीच म्हणेना. नुसतं "अहो" म्हणायची आणि दुसरीकडं बघायची.

*

अडचण पुढं आली. मंडळानं रणरागिणीचा जाहीर सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, चौकात व्यासपीठ. निरोप घेऊन भावकू नाना स्वतः कांबळ्यांच्या दारात आले. आत येऊन बसले. चहा घेतला.

ते गेल्यावर अंजनाचे वडील, भीमाप्पा, बराच वेळ त्या रिकाम्या कपाकडं बघत होते. जन्म वखारीत पोती उचलण्यात गेलेला.

"आप्पा, मी काहीच केलं नाही. खिसा फाटला नुसता."

"ठाव हाय गं." ते म्हणाले. "पर आपल्या गल्लीतल्या कुणाला या गावानं शाल दिलेली मी बघितली न्हाई."



दुसऱ्या दिवशी फलकाजवळ ती म्हणाली, "शाल घेतली तर तुम्ही कायमचे गुंड. नाही घेतली तर आप्पांना..."

कुंथुनाथनं पिनेशी चाळा केला. "घ्या शाल. गुंडाला काय, दोन दिवसांनी लोक विसरतील."

"आणि मी?"

"तुमी काय?"

"मी विसरीन का?"

*

सत्काराला चौक भरला. (किती, ते तुम्ही ज्या पेपरचे वाचक असाल त्याला विचारा.) कुंथुनाथ बाजूच्या बाकावर वही घेऊन बसला होता. वार्ताहर म्हणून आला होता, आणि नको सांगितलं असतं तरी आला असता. भीमाप्पा धुतलेला फेटा बांधून दुसऱ्या रांगेत. शेजारी आई, यल्लव्वा.

भावकू नानांनी शाल घातली. समोरून कुणीतरी ओरडलं, "गुंडाचं नाव सांगा."

अंजना माइकपुढं आली. खाली बाकावर पिन चमकत होती.

"मी निदर्शनात नव्हते," ती म्हणाली. "पेपरचा गठ्ठा आणायला गेले होते. पाऊस आला, छत्री उघडली, काडी यांच्या खिशात अडकली. मीच ओढली. हल्ला म्हणायचाच असेल तर तो मी केला, आणि शर्टावर केला. ते बघा, तिथं बसलेत."

सगळ्या माना वळल्या. पुढच्या रांगेतली दोन पोरं उठली. हे काय केलं आपण, नाव न घेता माणूस दाखवून दिला...

कुंथुनाथ उभा राहिला. पिन काढली. खिसा लोंबायला लागला.

तेवढ्यात यल्लव्वाचा आवाज, खणखणीत: "आगं बया. खिसाच व्हय? मला वाटलं तुझं डोस्कं फुटलंय काय की."

बाया हसल्या. मग पुरुष हसले. उठलेली पोरं कशासाठी उठलो ते विसरल्यासारखी उभीच राहिली, मग बसली.

अंजनानं शाल घडी करून नानांच्या हातात दिली. खाली आली तेव्हा भीमाप्पा तिच्याकडं बघत नव्हते. घराच्या वळणावर म्हणाले, "शाल दिलीस त्याचं वाईट वाटलं." थोडं चालून, "पर माइकवर लई चांगलं बोललीस."

*

'सीमागर्जना': रणरागिणीला भावना अनावर, शाल मंडळाच्या कार्यास अर्पण.

'गडिनाड वार्ते': मराठी महिलेची जाहीर क्षमायाचना.

तिनं दोन्ही मथळे फलकावर लिहिले, एकाखाली एक, पदरचं अक्षर न घालता. वखारीकडं निघालेल्या बाया वाचून पोट धरून हसल्या. त्या सगळ्या चौकात होत्या. नाना तिच्याशी बोलेनासे झाले. पण सकाळी सातला खडू हातात घ्यायला दुसरं कुणी तयार होईना, तेव्हा फलक तिच्याकडंच राहिला.

कुंथुनाथ आला. तिनं शिवून दिलेला शर्ट अंगात होता. खिसा सरळ बसला नव्हता.

"सोडली बातमीदारी," तो म्हणाला. "घरी तंबाखू हाय. तंबाखूला संपादक लागत न्हाई."

"घरी काय म्हणाले?"

"आई आधी बोललीच न्हाई. कांबळ्यांची म्हटल्यावर जेवलीबी न्हाई." तो खाली बघत होता. "काल हा खिसा बघितला. म्हणाली, एवढं वाकडं कुणी शिवलं? म्हटलं, तिनंच. मग म्हणाली... घेऊन ये, सरळ शिवायला शिकवते."

अंजनाच्या हातातला खडू मोडला.

"आपण जाऊ?" तिनं विचारलं. 'आपण' म्हणताना तिनं प्रथमच त्याच्याकडं नीट बघितलं.

"छत्री आणू नका म्हणजे झालं."

*

पुढं एका मंगळवारी वाचनालयाच्या फलकावर आदल्या दिवशीचीच बातमी राहिली. वखारीतल्या बाया थबकल्या.

"आज लिवलं न्हाई गं. बाई कुठं गेली?"

"चिकोडीला. रजिस्टर लगीन हाय तिचं, त्या खिशावाल्याबरोबर."

"पेपरात कुठं आलंय?"

"कुठंच न्हाई."

"मग खरं असंल," विचारणारी म्हणाली, आणि बाया वखारीकडं चालायला लागल्या.