पिशवीतला चांगला बूट

"बूट चांगला निघाला हो! सगळा घात झाला तो तिथेच," खासदारबाई म्हणाल्या.

मास्तरांनी समजल्यासारखी मान डोलावली. समजलं मात्र काडीचंही नव्हतं. चित्रकला शिकवणं संपल्यापासून ते आपल्या मित्राच्या मागे असे हिंडत. मित्र खाजगी तपासनीस. किरकोळ अंगाचा, टोकदार नाकाचा. सगळे त्याला मुंगूस म्हणत, आणि त्याला ते आवडे.

"पहिल्यापासून सांगा," मुंगूस म्हणाला.

बाईंनी एक कायदा मांडला होता. सैन्याच्या प्रत्येक खरेदीचा हिशेब सभागृहापुढे यावा आणि माल खोटा निघाला तर सही करणाऱ्याच्या खिशातून वसुली व्हावी. आज समितीपुढे सुनावणी होती. पुरावा एकच, सैन्याच्या कोठारातला आठ नंबरचा बूट. वरून कातडं, तळाला काळा रंग दिलेला पुठ्ठा. कोठाराच्या निवृत्त स्टोअरकीपरने तो कापडी पिशवीत घालून, तोंडाला लाखेचं सील करून आणला. अकरा वाजता सर्वांसमोर सील फोडलं, तर आत अस्सल चामड्याच्या तळाचा आठ नंबरचा बूट!

"तीनला समिती पुन्हा बसेल. तोवर खरा बूट मिळाला नाही, तर कायदा बारगळला आणि म्हातारा खोट्या पुराव्यासाठी तुरुंगात."

"इमारतीतून कोण बाहेर गेलं?"

"कुणीच नाही. अकरापासून दारं बंद आहेत. आणि फाटकावर प्रत्येक पिशवी, पेटी उघडून बघतात. नोंदीत बूट एकच आहे, म्हाताऱ्याचा."

"मग दुसरा काय चालत आला?" मास्तर म्हणाले. मुंगसाने त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

नऊ ते अकरा पिशवी शेजारच्या खोलीत टेबलावर होती. तिथे तिघे आळीपाळीने एकटे बसले होते. स्टोअरकीपर, खात्यातर्फे आलेले कर्नल आणि बाईंचे धाकटे दीर.

मास्तर हातातली कायद्याची प्रत चाळत होते. तीन भोकं, पांढरा दोरा, मधल्या भोकावर चपटी गाठ. "काय सुबक शिवलंय!"

"आमचे भावजी. माझे चिटणीसही तेच. दुसऱ्या कुणाला प्रत शिवू देत नाहीत. आज पाय मुरगळलाय, तरी त्या खोलीत बसून चाळीस प्रती शिवल्या."

स्टोअरकीपर बाकावर आकसून बसला होता. रिकामी पिशवी त्याने मुंगसापुढे धरली.

"सील माझंच आहे, साहेब. तळही मीच शिवला. कोपऱ्यापासून सुरुवात, कोपऱ्यावर गाठ. चौतीस वर्षं पोती अशीच शिवली. डोळे बांधा, तरी हात तसाच चालेल."

"या भानगडीत का पडलात?"

"पोरगा सैन्यात होता. त्याच बुटांनी त्याच्या पायाची बोटं बर्फात गेली."

कर्नल आले ते नुकत्याच पुसलेल्या ओल्या व्हरांड्यातून ताडताड पावलं टाकत. "कायद्याला माझा विरोध आहे. तोंडावर सांगतो. पण बूट पळवणं आपल्याला जमायचं नाही."

ते गेल्यावर मास्तर कुजबुजले, "याच्याच पायात सैन्याचे बूट आहेत की!"

"दोन्ही पायांत आहेत, मास्तर. जोडी आहे."

दीर लंगडत आले. ओली फरशी टाळून भिंतीकडेच्या कोरड्या पट्टीवरून. लांब पँटीखालून दोन काळी टोकं डोकावत होती. एक टोकेरी, एक गोल. ही जोडी चित्रात काढली असती तर पोरं हसली असती, असं मास्तरांच्या मनात येऊन गेलं.

"म्हातारा विकला गेला असणार," दीर म्हणाले. "मी वहिनींना आधीच सांगत होतो."

पावणेतीनला मुंगसाने व्हरांड्यात बादलीभर पाणी ओतवलं आणि सगळ्यांना तिथे बोलावलं. पिशवीचा तळ त्याने उलटा करून दाखवला.

"सील शाबूत होतं, म्हणजे चोर तळातून शिरला. शिवण उसवली, बूट बदलला, परत शिवलं. पण गाठ बघा."

गाठ तळाच्या मधोमध होती. चपटी.

"पोतं शिवणारा कोपऱ्यावर गाठ मारतो. मधे गाठ मारतो तो कागद शिवणारा. सुई, दोरा आणि चाळीस प्रतींचं निमित्त, तिन्ही एकाच माणसाकडे होतं. राहिला बूट. मास्तर म्हणाले ते खरंच होतं. तो चालतच आला! फाटकावर पेट्या बघतात, पाय कोण बघतं? एका पायात स्वतःचा नेहमीचा बूट, दुसऱ्यात हा आठ नंबरचा. पाय मोठा, म्हणून लंगडणं. अदलाबदल झाल्यावर पुठ्ठ्याचा बूट पायातच राहिला. म्हणून तर पाण्याची भीती."

सगळ्यांच्या नजरा खाली गेल्या.

"भावजी," खासदारबाई म्हणाल्या, "त्या पाण्यात उभे राहा."

"वहिनी, ऐका तरी! त्या बूटवाल्या ठेकेदाराने तुमच्या निवडणुकीला पैसा दिलाय. तो बुडाला असता तर तुमचंही नाव आलं असतं. तुमच्यासाठीच केलं मी!"

बाईंचा चेहरा पांढरा पडला. मास्तरांना त्यांची दया आली आणि पुढे काय होणार, याची धास्तीही वाटली. घर म्हटलं की भले भले गप्प बसतात.

"मग समितीला तेही मीच सांगेन," त्या म्हणाल्या. "उभे राहा."

दीर पाण्यात उतरले. चार पावलं, मग पुन्हा चार. काळा रंग सुटला, तळाची कड उकलली आणि फरशीवर पुठ्ठ्याचा ओला लगदा उरला. कर्नल तो बघत राहिले. मग त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

स्टोअरकीपर खाली वाकला. लगदा त्याने बोटांनी गोळा करून रुमालात घेतला.

"आठ पावलं टिकला," तो म्हणाला. "माझा पोरगा यात अठरा दिवस चालला."

तीनचे ठोके पडले. पुढे म्हातारा निघाला, हातात रुमाल घेऊन, आणि त्याच्यासाठी समितीचं दार कर्नलनी उघडून धरलं.