लेन्सचं झाकण

तिने कॅमेऱ्याला डोळा लावला, पुलाची कमान नीट चौकटीत बसवली, श्वास रोखून बटण दाबलं... आणि नेमका तेव्हाच पुलाच्या जागी एक तळहात आला.

"इथून फोटो काढता येणार नाही," तळहातामागून आवाज आला.

"काढून झाला की," ती म्हणाली. "तुमच्या हाताचा."

हात खाली गेला. मागे छावणीच्या फाटकावरचा एक उंच जवान उभा होता, आणि त्याचे कान लाल झाले होते. पुलामागे छावणीची भिंत दिसते, ती फोटोत आलेली चालत नाही, हे त्याने पाठ केल्यासारखं सांगितलं. मग तिनेही सांगितलं, की गावातला एकुलता एक स्टुडिओ तिच्या आत्याचा, गावाची चित्रकार्डं छापायची आहेत, आणि या गावात बघण्यासारखं जे काही आहे त्याच्या मागे कुठे ना कुठे ती भिंत आहेच. त्याला ती तरी काय करणार?

वरून हुकूम आला: बाईंना फोटो काढू द्यावेत, जवानाने सोबत राहावं.

झालं. ती पुढे, तो मागे. जुना घंटामनोरा, पाणचक्की, टेकडीवरचं एकटं झाड. ती कॅमेरा लावायची, तो शेजारी वाकून त्याच रेषेत बघायचा आणि भिंतीचा कोपरा दिसला की अलगद हात आडवा धरायचा. त्या हाताला बुटाच्या पॉलिशचा वास यायचा. इतक्या जवळून, की तिला मनोरा धूसर दिसायला लागायचा.

"तुमचं नाव मी झाकणराव ठेवलंय," एकदा ती म्हणाली.

"लेन्सला झाकण असतंच ना?"

"असतं. पण ते मान वाकडी करून माझ्याकडे बघत नाही."

त्याचे कान पुन्हा लाल.

पाणचक्कीपाशी पावसाची सर आली, तेव्हा त्याने डोक्यावरची टोपी काढून कॅमेऱ्यावर धरली.

"मी भिजतेय, ते दिसत नाही वाटतं?"

"कॅमेरा भिजला तर काम थांबेल," तो म्हणाला. मग पाण्याकडे वळला. "आणि काम थांबलं तर – मी कुठल्या निमित्ताने येऊ?"

त्या दिवशीचा रोल धुतला, तेव्हा आत्याने पाणचक्कीचा ओला फोटो चिमट्यात धरून उजेडाकडे नेला. छावणीची भिंत अख्खी आली होती. फाटकासकट.

"तुम्ही दोघं काय बघत होतात गं?" आत्याने विचारलं. ती फोटो वाळत घालायच्या दोरीशी खुडबुड करत राहिली.

आत्या स्टुडिओच्या भिंतीवर टांगलेल्या जवानांच्या फोटोंवरची धूळ पुसायला लागली. त्या भिंतीची एक रीत होती. बदली झालेला जवान जाण्यापूर्वी स्वतःचा फोटो काढून घ्यायचा आणि न नेता तिथेच ठेवायचा. मागे राहिलेल्या फोटोसाठी माणूस परत येतो, असं म्हणायचे. काही आलेही. बाकीचे भिंतीवर हसत होते. त्यातल्या कोपऱ्यातल्या एकावरून आत्याचं फडकं रोज दोनदा फिरायचं. का, ते घरात कुणी विचारत नसे.

"जवानाला फोटो द्यावा, जीव देऊ नये," आत्या म्हणाली. "ऐकतेयस ना?"

ती ऐकत होती. उशीर झाला होता, एवढंच.

आठवड्याभरात बातमी आली, तुकडी हलणार. निघायच्या सकाळी तो स्टुडिओत आला. बाहेर ट्रक घरघरत होता. तिने त्याचा फोटो – तोच, तळहाताचा – आधीच भिंतीवर लावून ठेवला होता. खिळा तिने स्वतः ठोकला होता.

"तो द्या मला," तो म्हणाला. "मी घेऊन जातो."

आत्याचं फडकं थांबलं. तरी भाचीने खिळ्यावरून फोटो उतरवून दिला.

"न्या. म्हणजे परत यायची कटकट नाही."

"तसं नाही." तो अडखळला. "आत्याबाई तो कोपऱ्यातला फोटो रोज पुसतात, ते तुम्हाला न्यायला येताना मी पाहिलंय. उद्या माझ्यावरची धूळ तुम्ही पुसत बसावी... नको मला ते."

"मग परत येणार कसे?"

"रजा मिळाली की. बसने."

तिला हसू आलं, आणि डोळेही भरले. ट्रकचा हॉर्न वाजला. त्याने हात पुढे केला. तोच तळहात, पण आता आडवा नव्हता, उताणा होता.

"तुमच्यासाठी यायचंय मला. फोटोसाठी नाही. येऊ का?"

तिने गळ्यातल्या कॅमेऱ्याचं झाकण काढलं, त्याच्या तळहातावर ठेवलं आणि त्याची बोटं एकेक करून त्यावर मिटवली.

"माझ्याकडे हे एकच आहे," ती म्हणाली. "तू आणून देईपर्यंत कॅमेरा उघडाच राहील. धूळ बसेल. लवकर ये."

तो "हो" म्हणाला की नाही, हॉर्नमध्ये कळलं नाही. पण कान लाल झाले होते.

ट्रक पुलावरून दिसेनासा झाला, तशी आत्या आतून आली. भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे तिने पाहिलं, तो उपटून काढला आणि हातातलं कोरं फडकं भाचीच्या खांद्यावर टाकलं.

"तोवर लेन्सवर बांध हे," ती म्हणाली. "आणि डोळे पूस."